बर्फाच्या कारखान्याचा वास

प्रश्न : अंधेरीत मरोळला आमच्या सोसायटीमागे बर्फाचा कारखाना आहे. अधूनमधून अमोनियाचा वास येतो. धोका आहे का?

उत्तर : नुसत्या वासाने घाबरू नका. कामगारांसाठी कायद्याने घालून दिलेली आठ तासांची मर्यादा 25 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 25 भाग) आहे; नाकाला त्याआधीच कळतं. पण 300 पीपीएमला जिवाशी गाठ. वास वारंवार येत असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे लेखी तक्रार करा. कॉम्प्रेसरचं तेल काढताना गळतीचे अपघात फार होतात, तेव्हा ते काम कोण करतं, हेही विचारा.

अमोनिया हवेपेक्षा हलका, म्हणून वर निघून जातो, या भरवशावर मात्र राहू नका. उणे 33 अंशांना उकळणारा हा द्रव जोरात बाहेर पडला, की थंड पांढरं धुकं जमिनीलगत सरकतं. अशा वेळी जिन्याने खाली धावू नका. खिडक्या लावा, एसी बंद करा, तोंडावर ओला कपडा धरा, 101 लावा.