डोळा निर्दोष, तरी दृष्टी मंद : पालकांचे कर्तव्य

मुलाला फळा दिसेनासा होतो. तपासणीत मात्र डोळा निर्दोष आढळतो. अशा वेळी ‘मूल बहाणा करते’ असा निष्कर्ष घाईने काढू नये. जर्मन नेत्रतज्ज्ञ थिओडोर लेबर यांनी १८७१ साली वर्णिलेल्या, मातेकडून येणाऱ्या आनुवंशिक विकारात दृष्टी वेदनेविना मंदावते. आरंभी डोळा कित्येकदा सर्वसाधारण दिसतो. त्याचे जनुकीय कारण १९८८ साली उमगले.

नवघर परिसरातील पालकांनी दृष्टी केव्हापासून मंदावली, रंग ओळखता येतात काय, मातृकुळात कोणाची दृष्टी गेली होती काय, याची लेखी नोंद ठेवावी. चष्म्याने फरक न पडल्यास दृष्टीच्या मज्जातंतूच्या व मेंदूच्या तपासणीविषयी डॉक्टरांस निःसंकोच विचारावे. मज्जातंतूची सूज वेळीच उपचारांनी आटोक्यात येऊ शकते. म्हणून दृष्टी अचानक गेल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.