विषप्रयोगाने शिकार : नीती आणि कायदा

महाभारताच्या अनुशासनपर्वात भीष्माने युधिष्ठिराला सांगितलेली एक कथा आहे. काशीराजाच्या राज्यातील एक व्याध विषाने माखलेला बाण घेऊन हरणांच्या शोधात रानात शिरला. कळप दिसताच त्याने बाण सोडला. परंतु नेम चुकला आणि तो बाण एका विशाल वृक्षात रुतला. विष वृक्षाच्या अंगात भिनले, पाने व फळे गळून पडली आणि पाहता पाहता तो वृक्ष वाळून गेला. त्याच्या ढोलीत राहणारा पोपट मात्र आश्रयदात्याला सोडून जाईना. अखेर इंद्राने प्रसन्न होऊन वृक्षाला पुन्हा पालवी दिली.

ही कथा सांगितली जाते ती पोपटाच्या कृतज्ञतेसाठी. व्याधाकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. वास्तविक शिकारीच्या नीतीचा विचार करताना त्याचीच गोष्ट अधिक उद्बोधक आहे. त्याचा नेम चुकला, पण विष वाया गेले नाही. ज्याच्याशी त्याचे काही वैर नव्हते आणि ज्याच्यापासून त्याला काही लाभही नव्हता, अशा वृक्षाचा व त्याच्या आश्रयाने राहणाऱ्या जिवाचा घात झाला. बाणाला दिशा असते. विषाला ती नसते.

विष माखलेल्या बाणाला संस्कृतात ‘दिग्ध’ असा स्वतंत्र शब्द आहे. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात युद्धधर्म सांगताना गुप्त शस्त्रे, आकडेदार बाण, दिग्ध बाण आणि पेटते बाण यांचा वापर वर्ज्य ठरविला आहे. शांतिपर्वातही याच आशयाचा निर्बंध आढळतो. उलट कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शत्रूवर विषप्रयोग करण्याच्या कृती सविस्तर दिलेल्या आहेत. म्हणजे ज्ञान होते आणि त्या ज्ञानाच्या वापराविषयीचा संकोचही होता. अर्थात हा निर्बंध माणसामाणसांतील युद्धापुरता होता. हरणाला त्याचा लाभ नव्हता.

शिकारीसाठी विषारी बाण जगाच्या अनेक भागांत वापरले गेले. अरुणाचल प्रदेशातील काही जमाती बचनागाच्या मुळ्यांचे विष बाणाच्या टोकाला लावीत. दक्षिण अमेरिकेतील अरण्यवासीयांचे ‘क्युरारे’ हे विष रक्तात मिसळताच स्नायू लुळे पाडते. मात्र पोटात गेल्यास सहसा बाधत नाही, म्हणून मारलेल्या जनावराचे मांस खाता येते. आफ्रिकेतील कालाहारी वाळवंटातले सान शिकारी एका विशिष्ट भुंगेऱ्याच्या अळीतून विष काढतात. ते सावकाश भिनते, आणि म्हणून बाण लागलेल्या जनावराचा माग शिकाऱ्याला तासन् तास, कधी दिवसभराहून अधिक काळ काढावा लागतो. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. या सर्व पद्धतींत विष बाणाच्या टोकापुरते मर्यादित असते, बाण एका निवडलेल्या जनावराला लागतो आणि मारणारा त्याच्या मागे शेवटपर्यंत जातो. आपल्या कृत्याचा शेवट तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो.

अमेरिकेतील धनुष्याने शिकार करणाऱ्या हौशी मंडळींतही औषध लावलेल्या बाणांविषयी वाद झालेला आहे. समर्थकांचे म्हणणे असे की, साध्या बाणाने जखमी झालेले हरीण दूर पळते, सापडत नाही आणि तळमळत मरते. औषधाने ते लवकर पडते, म्हणून हेच अधिक दयेचे. हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. परंतु त्यात एक धोका आहे. मारणे सोपे झाले की नेम धरण्याची काळजी कमी होते आणि लांबून, संशयास्पद अंतरावरून बाण सोडण्याचा मोह वाढतो. ज्या दयेमुळे शिकारी अधिक बेफिकीर होतो, ती दया जनावराच्या उपयोगाची नाही.

भारतात हा वाद कायद्याने मिटविला आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये आरंभी काही प्राण्यांच्या शिकारीला परवाने मिळत असत. तथापि परवानाधारकालाही रसायने, स्फोटके, फासे, खड्डे, विष आणि विषारी शस्त्रे वापरण्यास मनाई होती. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारच संपुष्टात आली. आज ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत वन्य प्राण्याला मारणे जसे येते, तसेच त्याला विष घालणे आणि तसा प्रयत्न करणे हेही येते. ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत तर धनुष्यबाण, जाळी, फासे यांच्या पंक्तीला विष नावानिशी बसविले आहे. अभयारण्यात लेखी परवानगीवाचून शस्त्र नेणे आणि वन्यजीवांना अपायकारक द्रव्य वापरणे, या दोहोंना त्याच अधिनियमातील कलम ३१ व ३२ अन्वये बंदी आहे. थोडक्यात, प्राणी मेला नाही तरी गुन्हा घडतो.

अहिल्यानगर जिल्ह्यात (पूर्वीचा अहमदनगर) या तरतुदींचे महत्त्व मोठे आहे. कर्जत तालुक्यात काळविटांसाठी १९८० मध्ये घोषित झालेले रेहेकुरी अभयारण्य आहे. अकोले तालुक्यात कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. जिल्ह्यात भिल्ल, ठाकर, महादेव कोळी, पारधी या समाजांच्या शिकारीच्या जुन्या परंपरा आहेत. फासेपारधी समाजाचे कसब त्याच्या नावातच आहे : ते फाशाचे, विषाचे नव्हे. सह्याद्रीच्या पट्ट्यात रामेठा किंवा गेळफळ ठेचून डोहात कालवायचे आणि भोवळलेले मासे वेचायचे, ही रीतही जुनी आहे. तीही कायदेशीर नाही. पाण्यात विष कालवून मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमानेच दंडनीय ठरविले होते. मात्र जो मासे मारीत असे, तोच ते संध्याकाळी आपल्या मुलांना खाऊ घालीत असे. विषाचे प्रमाण आपोआप राखले जाण्यास ही एक गोष्ट पुरेशी होती.

आज चिंता वाटते ती या परंपरांची नव्हे, तर विषारी आमिषाची. प्रवरेच्या काठी, संगमनेर, अकोले, राहुरीच्या उसात बिबट्या वस्ती करून आहे. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरात स्वयंचलित कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहणाऱ्या त्या शेतीच्या मुलुखात दर शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि जवळजवळ तितकेच तरस असल्याचे त्यात आढळले. बिबट्यांच्या आहारात पाळीव जनावरांचा भाग सर्वांत मोठा, आणि त्यातही कुत्र्यांचा अधिक.

अशा ठिकाणी गोठ्यातली शेळी किंवा कालवड गेली की शेतकऱ्याचा संताप समजण्यासारखा असतो. त्या शेळीवर घरातील स्त्रीचा आठवड्याचा बाजार अवलंबून असतो. बिबट्या शिकारीवर पुन्हा येतो हे सर्वांना ठाऊक असते. कीटकनाशकाचा डबा घरात असतोच. मढ्यावर ते टाकायला दोन मिनिटे लागतात. परंतु त्या रात्री मढ्यावर प्रथम कोण येईल हे कोणालाच ठरविता येत नाही. बिबट्याऐवजी तरस, कोल्हा, शेजारच्या वस्तीवरचा कुत्रा येतो. सकाळी कावळे व घारी येतात. एका विषाने मेलेला प्राणी दुसऱ्याचे आमिष होतो. पाऊस झाला तर उरलेले विष ओढ्यात आणि विहिरीत उतरते. मृत जनावरांतील डायक्लोफिनॅक या औषधाच्या अंशाने गिधाडे मरतात, हे २००४ मध्ये सिद्ध झाले आणि २००६ मध्ये त्या औषधाचा पशुवैद्यकीय वापर बंद करण्यात आला. ते विष तर कोणी हेतूने घातलेलेही नव्हते. आणि समजा, नेमका तोच बिबट्या मेला, तरी मोकळ्या झालेल्या जागेत दुसरा येतो. गोठा उघडाच असेल तर शेतकऱ्याची स्थिती तीच राहते.

कायद्याच्या दृष्टीने मात्र त्याची स्थिती पार पालटते. बिबट्या अनुसूची एकमधील प्राणी आहे. त्याच्या शिकारीस किमान तीन व कमाल सात वर्षे कारावास आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड आहे. शेजाऱ्याचे जनावर विषाने दगावल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम ३२५ लागू होऊ शकते; त्यात पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. अंगावर आलेल्या प्राण्याला सद्‌भावनेने स्वसंरक्षणार्थ मारणे हा गुन्हा नाही. पण मढ्यावर विष टाकून घरी झोपी गेलेल्या माणसाला स्वसंरक्षणाचा बचाव कसा मिळणार? वनहक्क अधिनियम, २००६ बाबतही एक गैरसमज आढळतो. त्याने वनोपजाचे पारंपरिक हक्क दिले आहेत, परंतु शिकारीचा हक्क स्पष्टपणे वगळला आहे. उलट वन्यजीवांचे रक्षण करण्याचा अधिकार ग्रामसभेकडे सोपविला आहे. रानडुकरांचा उपद्रव असह्य झाल्यास अधिनियमातील मार्ग अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीचा आहे, बांधावर विष पेरण्याचा नाही.

या साऱ्यात पंचायतीने लक्ष द्यावे अशी वेळ एकच आहे, आणि ती फार थोडी आहे. जनावर मारले गेल्यापासून पंचनामा होईपर्यंतची ती वेळ. भरपाईसाठी ४८ तासांच्या आत वनविभागाला कळवावे लागते आणि तपासणी होईपर्यंत मढे हलविता येत नाही. नेमक्या याच अवधीत ते उघड्यावर पडलेले असते आणि राग ताजा असतो. त्या परिसरात पुढील काही दिवसांत वन्य प्राणी मेलेला नसावा, अशीही अट भरपाईच्या नियमांत घातली गेली आहे; म्हणजे विष घालणारा स्वतःच्याच नव्हे, तर शेजाऱ्याच्या भरपाईवरही पाणी सोडतो. शेतकऱ्याला अर्ज लिहून देणे, १९२६ या वनविभागाच्या दूरध्वनी क्रमांकावर त्याच दिवशी कळविणे आणि वनरक्षक येईपर्यंत मढ्याजवळ दोन माणसे बसविणे, एवढे सरपंच, ग्रामसेवक किंवा गावातील शिक्षक यांना सहज करता येते. पंचनाम्यानंतर मढे खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे. विषाचा संशय आल्यास त्याला हात लावू नये, मुलांना व कुत्र्यांना दूर ठेवावे आणि जवळपास पडलेला डबा किंवा पिशवी तशीच राहू द्यावी. प्रयोगशाळेच्या तपासणीला तिचा उपयोग होतो.