बोली, लेखी अर्ज आणि सल्ला देणाऱ्या संघटना

प्रमाणभाषा व बोली यांच्या संबंधाची सामाजिक बाजू या घटकात पाहावयाची आहे. 1970च्या दशकात तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर भागात काळूराम धोदडे यांच्या नेतृत्वाखाली भूमिसेना उभी राहिली. जमिनीच्या प्रश्नावर आदिवासींनीच आदिवासींना मार्ग दाखवावा, हे तिचे वैशिष्ट्य. अशा संघटनांतील सल्ला घरच्या बोलीत, तोंडी दिला जातो. कार्यालय मात्र प्रमाण मराठीतील कागदच ओळखते. वनहक्क नियमांनी वडीलधाऱ्यांचे निवेदन पुरावा म्हणून मान्य केले, पण लेखी स्वरूपात. म्हणजे शहापूर-मुरबाडच्या पाड्यावरील कातकरी वृद्धाची साक्ष ‘दावेदार’, ‘ताबा’, ‘वहिवाट’ अशा शब्दांत उतरवणारा कोणीतरी लागतो. बहुधा कल्याण-ठाण्याचा सुशिक्षित. मग साहेब त्याचेच ऐकतात. जाणकार आदिवासी कार्यकर्ता नुसता सोबती ठरतो आणि लेखनिक प्रतिनिधी! त्याला ‘अडाणी’ म्हणताना शेरा भाषेवर मारलेला दिसतो. प्रत्यक्षात तो जमातीवर असतो.

स्वाध्याय : एखादा शासकीय अर्ज घेऊन त्यातील मजकूर आपल्या घरच्या बोलीत सांगा. कोणते शब्द अडले, ते नोंदवा.