तडीपारी आणि न्यायालय

'तुझे वर्तन बरे नाही, तू येथून चालता हो' असा हुकूम सरकारने एखाद्यास दिला, तर त्याने दाद कोठे मागावी? अशा हुकमास आपण मराठी माणसे 'तडीपारी' म्हणतो. आपल्या बुऱ्हाणपुरातील सरकारी कागद त्यास 'जिलाबदर' म्हणतात. परदेशी राहणाऱ्यावर हाच प्रसंग व्हिसा रद्द होण्याच्या रूपाने येतो. ऑस्ट्रेलियाच्या १९५८ च्या कायद्याचे ५०१ वे कलम चारित्र्याच्या कसोटीचे आहे. बारा महिने वा अधिक कारावासाची शिक्षा झालेला परकीय त्या कसोटीस उतरत नाही. असा निर्णय न्यायालयापुढे आला म्हणजे न्यायाधीश नेमके काय तपासतात, हे आम्ही आपल्याच देशातील उदाहरणांवरून पाहू.

प्रथम नागरिक आणि परकीय हा भेद ध्यानी घ्यावा. देशात कोठेही संचार करण्याचा व वास्तव्य करण्याचा हक्क संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने दिला आहे, तो केवळ नागरिकांस. म्हणूनच १९५५ साली एका पश्चिम जर्मन गृहस्थाच्या प्रकरणात, परकीयास देशाबाहेर घालविण्याचा केंद्र सरकारचा अधिकार अनिर्बंध आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. नागरिकाची गोष्ट निराळी. त्याच्या संचारावर निर्बंध घालता येतो. परंतु तो वाजवी असला पाहिजे.

वाजवी म्हणजे काय, हा वाद संविधान अमलात आले त्याच वर्षी उभा राहिला. बुऱ्हाणपूर ज्या मध्यप्रांतात मोडत असे, त्या प्रांताचे पूर्वीचे मुख्यमंत्री डॉ. नारायण भास्कर खरे १९५० साली हिंदुमहासभेचे अध्यक्ष होते. त्यांस तीन महिन्यांसाठी दिल्लीतून हद्दपार करण्यात आले. पाच न्यायाधीशांपैकी तिघांनी तो कायदा वैध ठरविला आणि डॉक्टरांचा अर्ज फेटाळला गेला. न्या. महाजन व न्या. मुखर्जी या दोघांनी मात्र भिन्न मत नोंदविले. एके काळी प्रांताचा कारभार पाहिलेल्या माणसासही असा हुकूम चुकला नाही, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

पुढे १९६० साली पारडे दुसऱ्या बाजूस झुकले. मध्यप्रांत व वऱ्हाड यांच्यासाठी १९४६ साली केलेल्या गुंडाविषयक कायद्याखाली मध्य प्रदेशातील एका इसमावर कारवाई झाली होती. हा मनुष्य खरोखर गुंड आहे काय, हे आधी ठरविण्याची रीतच त्या कायद्यात नव्हती. 'गुंड' शब्दाची व्याख्याही मोघम होती. 'मी गुंड नाही' हे दाखविण्यास त्यास वावच राहत नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याची मुख्य कलमे रद्दबातल ठरविली.

सरकारची बाजूही समजून घेतली पाहिजे. दहशतीमुळे साक्षीदार उघडपणे पुढे येत नाहीत. अशा वेळी खटला उभा राहणे कठीण. म्हणून महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ यात दोन वर्षांपर्यंत तडीपारीची तरतूद आहे. मात्र आधी आरोपांचे सामान्य स्वरूप लेखी कळवून त्या मनुष्यास आपले म्हणणे मांडू द्यावे लागते. २०२२ साली जालना जिल्ह्यातील असा एक हुकूम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. जुन्या गुन्ह्यांचा आजच्या भीतीशी जिवंत संबंध दिसत नव्हता आणि पूर्ण दोन वर्षांचीच मुदत का, याचे कारणही हुकमात नव्हते.

आपल्या राज्यात असे हुकूम मध्य प्रदेश राज्य सुरक्षा अधिनियम, १९९० याखाली निघतात. असा हुकूम म्हणजे गुन्ह्याची शिक्षा नव्हे, तर पुढे गुन्हा घडू नये म्हणून योजलेला उपाय होय. परंतु ज्यावर तो बजावला जातो त्याचे घर सुटते, रोजगार बुडतो आणि मुलेबाळे मागे राहतात. गुन्हा शाबीत न होता एवढे हिरावले जाते, म्हणूनच न्यायालयास दक्ष राहावे लागते. तो मनुष्य सज्जन की दुर्जन, याचा निवाडा न्यायाधीश करीत नाहीत. ते तीन गोष्टी पाहतात: हुकूम देणाऱ्यास कायद्याने तसा अधिकार होता काय? त्या मनुष्यास आपली बाजू मांडू दिली काय? आणि हुकमामागे पुराव्यास धरून कारणे आहेत काय?

वर्तमानपत्रात जिलाबदरची बातमी वाचाल, तेव्हा हे तीन प्रश्न तुम्हीही विचारून पाहा. ज्याच्याविषयी आपणांस यत्किंचितही आपुलकी नाही, त्याच्यासाठीही ते विचारता आले, तरच नागरिकशास्त्राचा धडा आपल्या अंगी मुरला असे आम्ही समजू.