हिशेबाचा एक पाठ : जुनी सायकल की नवी?

शाळा गावापासून दूर पडली की पालक विचारतात, "गुरुजी, जुनी सायकल घेऊन दुरुस्त करावी, की नवीच घ्यावी?" शिक्षकांनी याचे उत्तर वरच्या वर्गाकडूनच काढून घ्यावे.

एक जुनी सायकल वर्गापुढे उभी करावी. ती शक्यतो स्वतःची असावी. गरीब मुलाच्या सायकलीचे दोष सर्वांसमक्ष निघू नयेत. प्रथम सांगाडा पाहावा. जोडांपाशी चीर दिसली किंवा पुढचा चिमटा मागे वाकलेला आढळला, तर हिशेब तेथेच थांबवावा. अशी सायकल फुकट मिळाली तरी महागच. (रंगास भुलून प्रस्तुत लेखकाने हा अनुभव घेतला आहे.) सांगाडा धड असल्यास मुलांकडून साखळी ताणून मोजवावी. लगतच्या दोन पिनांमधील अंतर अर्धा इंच असते. म्हणजे वीस अंतरे मिळून २५.४ सेंटिमीटर भरली पाहिजेत. माप २५.६ च्या पुढे गेल्यास साखळी झिजली असे समजावे. अशा साखळीने बहुधा चक्राचे दातेही खाल्लेले असतात. मग नुसती साखळी बदलून भागत नाही.

टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर यांचे भाव मुलांनी बाजारातून विचारून आणावेत व त्यांत मजुरी मिळवावी. ब्रेकचा खर्च कोणत्याही सबबीवर वगळू देऊ नये. उतारावर मुलाचा जीव त्यावरच अवलंबून असतो.

खरेदी व दुरुस्ती मिळून बेरीज नव्या किमतीच्या निम्म्याहून फार वर गेल्यास आमचा कौल नवीला आहे. तथापि नवीसाठी कर्ज काढावे लागत असेल, तर जुनीच बरी. ब्रेक आधी नीट करून बाकीचे काम दरमहा थोडेथोडे उरकता येते.