बोर्ड मेला म्हणून टाकू नका

व्यापारी बंधूंनो, बायोस अपडेट चालू असताना वीज गेली, आता पंखा फिरतो पण पडदा काळाच, तर मिस्त्री नवा मदरबोर्ड सुचवतो. थांबा. बहुधा बायोसच्या चिपमधला मजकूरच बिघडलेला असतो. उधारीचा हिशेब हार्ड डिस्कवर असतो, चिपमध्ये नव्हे. (२६ एप्रिल १९९९ च्या सीआयएच व्हायरसने मात्र दोन्ही पुसले होते.)

बोर्डावर बायोस फ्लॅशबॅकचे बटण असेल तर पेनड्राइव्हनेच काम होते. नसल्यास वीज तोडून, बॅटरी काढून आठ पायांच्या चिपला प्रोग्रामरची क्लिप लावतात. आधी जुना मजकूर दोनदा वाचून, ताडून जपून ठेवायला सांगा. बोर्डाचा अनुक्रमांक बहुधा त्यातच असतो. फाईल नेमक्या मॉडेलची व चिपच्याच आकाराची हवी. १.८ व्होल्टच्या चिपला ३.३ दिल्यास ती जळू शकते. मजुरी अगोदर ठरवा.