भाच्या, परांचीवर चढण्याआधी

सोमवारपासून पाथर्डी फाट्याच्या साइटवर जाणार म्हणालास, आणि तेही थेट सातव्या मजल्याच्या बाहेरच्या प्लास्टरला. आई डब्याची काळजी करतेय, मी तुझ्या खिशातल्या वहीची. तीस वर्षं थापी धरली, एकदा पडलो. पडलो त्याचं दुखणं सहा महिन्यांत आवरलं. पडल्यानंतर ज्या चुका केल्या, त्या आजवर निस्तरतोय. सिंहस्थाच्या तोंडावर नाशकात कामं उदंड निघालीत, पेठ-सुरगाण्यापासून बिहारपर्यंतची पोरं परांचीवर आहेत. जेवणाच्या सुट्टीत त्यांनाही हे वाचून दाखव.

१. पहिल्या दिवशी गेटवरच्या फलकाचा फोटो काढ, त्यात बिल्डरचं नाव नि महारेराचा नंबर नीट दिसू दे – मुकादमाचं टोपणनाव तेवढं ठाऊक असलं, तर दावा कुणावर लावशील?

२. तो फोटो, ठेकेदाराचं पूर्ण नाव आणि नंबर त्याच दिवशी आईच्या फोनवर पाठव – माणसाबरोबर त्याचा फोनही पडतो, घरचा शाबूत राहतो.

३. छोटी वही ठेव: तारीख, मजला, काम, उचल किती, हातात किती. जमेल तेव्हा मजुरी फोनवरच घे – मस्टर ठेकेदाराच्या कपाटात असतं आणि अपघाताच्या दुसऱ्या दिवशी सापडत नाही. लिहिलेली हजेरी बोलते, तोंडची हजेरी नुसती रडते.

४. गेल्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर भरले असतील तर इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव घाल. वय १८ ते ६० हवं आणि फी १ रुपया आहे, तेव्हा हजार मागणाऱ्या दलालाला हात जोड – कामावर मृत्यू आला तर मंडळ घरच्यांना ५ लाख देतं, ७५ टक्क्यांवर अपंगत्व आलं तर २ लाख. दरवर्षी नूतनीकरण मात्र चुकवू नकोस.

५. बेल्टचा हुक डोक्याच्या वरच्या, पक्क्या आधाराला लाव, ज्या परांचीवर उभा आहेस तिच्याच बल्लीला नको – ती गेली की बेल्टही तिच्यासोबत जातो. हुक न लावलेला बेल्ट म्हणजे कमरेचा दागिना.

६. आषाढ-श्रावणात सकाळी पहिलं काम फळ्यांवर फडका मारायचं – शेवाळ दिसत नाही, पाय ठेवला की कळतं.

७. लिफ्टच्या खड्ड्याला, डक्टला आड फळी नसेल, खाली जाळी नसेल, तर इंजिनिअरला तोंडानं सांग आणि लगेच मेसेजही टाक. मालाच्या लिफ्टची तार कधी तपासली तेही विचार – ठाण्यात बाळकुमला १० सप्टेंबर २०२३ ला बांधकामाची लिफ्ट चाळिसाव्या मजल्यावरून कोसळली, सात मजूर गेले. ते काम संपवून खाली घरी निघाले होते.

८. चढायच्या दिवशी थेंब नाही, आणि दिलेला बेल्ट काढून ठेवायचा नाही – मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर मालकाला ही सबब चालत नाही, पण हातपाय मोडण्यावर भागलं तर 'प्यायला होता, बेल्ट मुद्दाम काढला' म्हणून तो सुटू शकतो.

आता पुढचं. देव न करो, पण तू पडलास, किंवा शेजारचा पडला तर.

९. काखेत हात घालून उभं करू नका. मान-पाठ हलू न देता फळीवर घ्या आणि १०८ लावा – मणका पडताना वाचतो आणि उचलताना जातो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

१०. हे मनावर कोरून ठेव. डॉक्टर पहिल्यांदा विचारेल, 'कसं लागलं?' खरं सांग: अमुक साइट, अमुक मजला, कामावर असताना पडलो. मी दुसऱ्या मजल्यावरून पडलो तेव्हा मुकादमानं रिक्षात माझं डोकं मांडीवर घेतलं होतं. पाणी पाजलं, आणि हळूच म्हणाला, 'घरी जिन्यावरून पडलो सांग, पोलिसांचं लफडं नको, शेठ सगळं बघतील.' घोटा असा फिरलेला की बोट पुढं नि टाच बाजूला. मी मान हलवली. केसपेपरवर निळ्या शाईत एक ओळ उमटली: घरी जिन्यावरून पडला. शेठनं पहिलं बिल भरलं, तिसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन लागेना. पुढं भरपाईसाठी ज्याच्याकडे गेलो त्यानं आधी तो कागद मागितला, ती ओळ वाचली आणि कागद माझ्याकडे सरकवला. तिथं सगळं संपलं – पहिल्या कागदावरचं खोटं शेवटच्या कागदापर्यंत चालत येतं.

११. सिव्हिलला गेलास किंवा खाजगीत, एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद) नोंदवायला सांग. पोलीस येतील, जबाब घेतील, घाबरू नकोस. जबाब वाचून घे आणि मगच सही कर – जागेचा पंचनामा झाला की तुटलेली फळी नि नसलेली जाळी कागदावर येते. रातोरात नवी जाळी बांधली तरी मग उपयोग नाही.

१२. केसपेपर, एक्स-रे, औषधाच्या चिठ्ठ्या, डिस्चार्ज कार्ड सगळं एका पिशवीत – उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकानं द्यायचा असतो, पण तो बिलावर मिळतो.

१३. कोऱ्या कागदावर किंवा स्टॅम्पपेपरवर सही-अंगठा करायचा नाही, कितीही गोड बोलले तरी – हक्क सोडल्याचा करार कायद्यानं रद्दच धरलाय, पण तो खोडून काढण्यात तुझी वर्षं जातील.

१४. अपघाताची लेखी खबर ठेकेदाराला आणि बिल्डरला, दोघांनाही पाठव, पोस्टाची पावती जप. दावा दोन वर्षांच्या आत घाल – 'पुढच्या महिन्यात देतो' यातच चोवीस महिने सरतात.

१५. 'तू ठेकेदाराचा माणूस, आमचा नाहीस' असं बिल्डरच्या ऑफिसात ऐकवतील. ऐकून घे, पण मान्य करू नकोस – ज्याचं काम चाललंय त्या मुख्य मालकाकडूनच भरपाई मागता येते, त्यानं ती पुढं ठेकेदाराकडून वसूल करावी.

१६. पगारातून ईएसआय (राज्य कामगार विमा) कापत असतील तर वाट वेगळी. उपचार नि पैसे विमा महामंडळाकडून, सातपूरला त्यांचं रुग्णालय आहे – ईएसआयवाल्याला भरपाई मालकाकडून मागता येत नाही.

१७. आकडा पाठ असू दे. १९२३ चा भरपाईचा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण सूत्र तेच: मृत्यूला महिन्याच्या मजुरीचे ५० टक्के, कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ६० टक्के, आणि त्याला वयाचा गुणक. तीस वर्षांच्या माणसाचा गुणक २०७.९८. जानेवारी २०२० पासून जास्तीत जास्त १५,००० मजुरी धरत आले. त्या हिशेबानं मृत्यूला १५,५९,८५० आणि पूर्ण अपंगत्वाला १८,७१,८२० रुपये होतात – हे ठाऊक नसलं की पन्नास हजारांचं पाकीट उपकारासारखं वाटतं.

१८. प्लास्टर उतरेपर्यंत कामावर जाता येत नसेल तर दर पंधरवड्याला महिन्याच्या मजुरीचा चौथा हिस्सा मिळायला हवा – चूल हाडं जुळायची वाट बघत नाही.

१९. दाखल्यावरची टक्केवारी म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. ओडिशातल्या जेपूरला जुलै १९६८ मध्ये सिनेमा थिएटरच्या सजावटीचं काम करताना एक सुतार पडला, डावा हात कापावा लागला. एका हातानं सुतारकी होत नाही म्हणून त्याची कमाईची ताकद पूर्ण गेली, हे सुप्रीम कोर्टानं मानलं, आणि भरपाई अपघाताच्या दिवसापासून देणं लागते हेही – म्हणून डॉक्टरला विचार, या पायानं परांचीवर चढता येईल का, आणि उत्तर लिहून घे. गवंड्याचा पाय नि कारकुनाचा पाय एका मापानं मोजायचा नाही.

२०. महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड – दाव्यात दोन्ही मागायला विसरू नकोस.

२१. कुणाचा जीवच गेला तर त्याच्या बायकोला घाईघाईनं गाडीत बसवून गावी पाठवू देऊ नका. पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल आणि गुन्ह्याच्या नोंदीची प्रत हातात येऊ दे – मृत्यूची भरपाई मालकानं कायद्यानं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जमा करायची असते. अंत्यविधीच्या गर्दीत पदरात टाकलेल्या नोटा म्हणजे भरपाई नव्हे. ३१ जुलै-१ ऑगस्ट २०२३ च्या मध्यरात्री शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर लाँचर कोसळून २० जण गेले. किती घरांना अशी एकट्यानं कागदं गोळा करायची वेळ आली असेल, याचा विचार कर.

२२. कुठं जायचं? आधी सातपूरला उद्योग भवनात कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात; भरपाईचा दावा कामगार न्यायालयात चालतो. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन कर – गरिबाला सरकारी खर्चानं वकील मिळतो, आणि तो हक्कानं मिळतो, दयेनं नाही.

वही मी आणून ठेवलीय, निळ्या पुठ्ठ्याची, शर्टाच्या खिशात बसेल एवढी. रविवारी न्यायला ये. आणि सोमवारी रात्री त्यातलं पहिलं पान मला दाखव. त्यावर बिल्डरचं पूर्ण नाव लिहिलेलं हवं.